अबुल हुसेनचे कान

पोराला मुतायला जाता आलं पाहिजे. आमच्या धंद्याचा हा पहिला कायदा, आणि तो मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. दिवाळी अंकात लिहायचं तर सुरुवात जरा शोभेची असावी, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. ह्यांना काय कळतंय! शोभेच्या मागे लागून ज्या आयांनी आपल्या पोरांना गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध सूर्यफूल करून शाळेत पाठवलं, त्या सूर्यफुलांचं स्टेजमागे काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मागून उघडता येईल अशी पट्टी हवीच. मग पोरगं सिंह होवो नाहीतर दुधी भोपळा.

मी जुलेखा. मस्कतमध्ये रुवीला फॅन्सी ड्रेस शिवते. दुकान आमच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, लायसनवर. पुढच्या भागात आमचे हे दिशदाशा शिवतात. दिशदाशा म्हणजे इथल्या पुरुषांचा पायघोळ झगा. दिसायला साधा, पण गळ्याचा गोलावा सुतभर चुकला तर गिऱ्हाईक परत पायरी चढत नाही. पडद्याच्या मागे माझं राज्य. तिथे वाघ, फुलपाखरं, झाशीच्या राण्या, टोमॅटो आणि गांधीजी एकाच दांडीवर लटकलेले असतात. मूळची मी रत्नागिरीकडच्या खाडीवरची. लग्न करून इथे आले तेव्हा मला फक्त ब्लाउज शिवता येत होता. पुढचं सगळं इथल्या आयांनी माझ्याकडून करून घेतलं.

आणि काय एकेक आया! अल मवालेहला राहणाऱ्या एक बाई तिथल्या भाजीच्या बाजारातून खरं वांगं घेऊन आल्या. म्हणाल्या, "मावशी, अगदी हाच रंग." मी पाच दुकानं पालथी घातली तेव्हा तो रंग मिळाला. ट्रायलला आल्या आणि म्हणतात कशा, "हा नाही हो, जरा वेगळा होता." असणारच! मधल्या काळात वांगं वाळलं होतं. मी ते सुकलेलं वांगं त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, आता याच्याशी जुळवू का? मग आमची दोघींची चांगलीच मैत्री झाली. त्यांनी मला भरल्या वांग्याचा डबा आणून दिला, तो मात्र अगदी बरोबर रंगाचा होता.

एक इंजिनिअर बाप आला. मुलाला समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा प्लांट करायचं होतं. कारण साहेब स्वतः तिथे नोकरीला. ड्रॉइंग घेऊन आले, पाइप, टाक्या, सगळं. मी विचारलं, "भाऊ, याच्यात पोरगं बाहेर बघणार कुठून?" तर बोट ठेवून म्हणाले, "इथून, इनटेकमधून." तो प्लांट अंगावर चढवल्यावर ते पोरगं आमच्या दुकानाच्या दारातून बाहेर निघेना. शेवटी बापाने स्वतःच कात्री मागितली.

पण हसण्यावारी नेऊ नका हं. या धंद्यात मी एक गोष्ट पाहिली. दांडगट पोराला ससा करा, ते स्टेजवर भोकाड पसरतं. आणि जे पोर आईच्या ओढणीआड लपतं, त्याच्या अंगावर आयाळ चढवा, ते असं डरकाळतं की पुढच्या रांगेतले पाहुणे दचकतात. आपण शिवतो कापड, पण त्याच्या आत काय उठून बसेल ते अल्ला जाणे. म्हणून मी टाका कधी कच्चा घालत नाही.

आता अबुल हुसेनची गोष्ट सांगते. दोन वर्षंसुद्धा झाली नसतील. इथल्या एका भारतीय शाळेत नसरा मिस नावाच्या ओमानी बाई अरबी शिकवतात. स्वभावाने हसऱ्या, अंगाने भरलेल्या. हिंदी त्या शेजाऱ्यांकडून आणि टीव्हीवरून शिकल्या. त्यामुळे बायकांना 'गया' आणि पुरुषांना 'गई' म्हणायची त्यांची पद्धत. शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी अरबीत नाटक बसवलं. मला मोबाइलवर त्यांचा आवाजी निरोप आला. तो मला अजून पाठ आहे.

"बाजी, नाटक का ड्रेस चाहिए. बहुत पुराना टाइम का कहानी है, सुमेर लोग का, इराक साइड का. एन्की का ड्रेस, रानी का ड्रेस. बाकी देव लोग को सफेद कपडा चलेगा. मगर अबुल हुसेन एकदम फस्क्लास चाहिए. वो बहुत होशियार है. रानी गुस्सा होके चला गया, कोई वापस नहीं ला सका, अबुल हुसेन लाई. रंग ब्राउन, थोडा गोल्डन. पीछे से लंबा, जमीन तक. मूंछ चाहिए. और कान! बाजी, कान बाहर दिखना चाहिए. कान मत भूलो."

सोबत मुलांची मापं. अबुल हुसेन म्हणजे तिसरीतली एक मुलगी. शाळेच्या नाटकात मुली म्हातारे होतातच, त्यात नवल नाही.

मला तर अबुल हुसेन ताबडतोब डोळ्यांपुढे दिसला. अहो, बाई रुसून माहेरी गेली की तिला आणायला कोणाला पाठवतात? नवऱ्याला नाही पाठवत, तो भांडून येतो. गावकीतलं एखादं पिकलेलं माणूस पाठवतात. आमच्या मोहल्ल्यात या कामाला एक चाचा होते. दाराशी जाऊन आधी चहा पीत, मग मुलीच्या बापाची गुरं कशी आहेत ते विचारत, आणि निघताना सून आपोआप त्यांच्या मागून निघायची. हा अबुल हुसेन म्हणजे तोच चाचा, सुमेरवाला. ब्राउन आणि गोल्डन म्हणजे इथले मोठे लोक समारंभाला दिशदाशावरून घालतात तो जरीकाठी झगा, बिश्त. मागून जमिनीपर्यंत, बरोबर. मिशी, बरोबर. राहिले कान. त्यावर मी खूप विचार केला. मग वाटलं, मध्यस्थ माणूस, दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा, म्हणून कान उघडे हवेत. वा, काय अर्थ काढलाय नसरा मिसनी! म्हणून मी डोक्याचा फेटा कानांच्या वर चढवून बसवला.

आमच्या ह्यांनीही जीव ओतला. आयुष्यभर मोठ्या माणसांचे दिशदाशा शिवलेला माणूस, तिसरीतल्या पोरीच्या मापाचा शिवताना खुलला होता. गळ्याशी लोंबतो तो गोंडाही स्वतः ओवला. इस्त्री करून हँगरला लावला तेव्हा दुकानात आलेली गिऱ्हाइकं विचारायला लागली, कोणाच्या नातवाचा? माशाल्ला, माशाल्ला!

आता त्या मुलीबद्दल. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे माझी फजिती केवढ्याला पडणार होती ते कळेल.

मुलीचं नाव गार्गी. उपनिषदातली गार्गी म्हणे मोठी वाद घालणारी होती, आणि ही गार्गी शाळेत एक अक्षर बोलत नव्हती. घरी पोपट. शाळेच्या गेटातून आत पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. पाणी हवं, बाथरूमला जायचंय, काही म्हणून सांगायची नाही. मुकी नव्हे, हट्टीही नव्हे. डॉक्टर म्हणाले भीती आहे, जबरदस्ती करू नका, हळूहळू सुटेल. पण शाळेला हळूहळू परवडत नाही आणि बापालाही नाही. बाप संतोष, नगरकडचा, बरकाला कोल्ड स्टोरेजमध्ये फ्रिजचं काम करतो. बायको मनीषा आणि लेकीसोबत राहायला दार्सैतच्या दोन खोल्यांत. त्याने ठरवून टाकलं होतं, या वर्षात पोरगी शाळेत बोलली नाही तर मायलेकींना गावी पाठवायचं. गावच्या मराठी शाळेत कदाचित बोलेल. आपण इथे एकटं राहायचं, बॅचलर रूममध्ये. आखातात अर्धी माणसं तशीच राहतात. पण ज्याने लेकीला रोज झोपताना पाहिलंय त्याला ते फार जड जातं.

नसरा मिसनी तिला नाटकात घेतलं ते नुसतं उभं राहण्यासाठी. बोलायला एकच वाक्य, तेही दुसऱ्या कोणी बोललं तरी चालेल असं. तर पोरगी घरी जाऊन आईला म्हणाली, "मम्मा, मला शेपूट असेल ना, खरी, मोठी, तर मी बोलीन."

शेपूट! कळलं ना आता?

परीक्षा चालू होत्या म्हणून ट्रायल नाटकाच्या दिवशीच, दुपारी एकच्या सुमारास ठरली. मनीषा लेकीला घेऊन आली. गोरीपान, चष्मेवाली, दोन घट्ट वेण्या. मी मोठ्या थाटात तिच्या अंगावर दिशदाशा चढवला, वर बिश्त, डोक्याला फेटा, ओठावर मिशी. कान बाहेर. कोपऱ्यातल्या मोठ्या आरशापुढे उभी केली. पोरीने आरशात पाहिलं. मग गिरकी घेऊन मागे पाहिलं. परत गिरकी घेतली, परत मागे पाहिलं. मग बिश्त वर उचलून खाली वाकून पाहिलं. आणि सरळ माझ्या कटिंगच्या टेबलाखाली जाऊन बसली.

मनीषाचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, शेपूट?"

"शेपूट कसली?"

तेवढ्यात नसरा मिस आत आल्या. टेबलाखाली वाकून बघतात तर मिशीवाला एक छोटा शेख गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

"बाजी, ये कौन है?"

"अबुल हुसेन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतात. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, हसतायत. "बाजी! अबुल हुसेन आदमी नहीं है! जानवर है!"

"तोबा तोबा! काय बोलता मिस!"

त्यांनी फोनवर फोटो दाखवला. ओमानच्या डोंगरात फिरतो तो, तांबूस अंगाचा, झुबकेदार शेपटीचा, सुपाएवढ्या कानांचा. आमच्याकडे कोकणात संध्याकाळी कोल्हेकुई घालतो तो कोल्हा थोराड, आखूड कानाचा. याला आम्ही खोकड म्हणतो. इथली माणसं लाडाने जनावरालाही कोणाचा तरी बाप करतात, आणि खोकडाचं ते लाडाचं नाव अबुल हुसेन. माणसाच्या नावातला 'स' वेगळा, खोकडाच्या नावातला वेगळा. अरबीत ती दोन अक्षरं, एक सीन, एक साद. आणि हे कोण चुकलं? मी! लहानपणी मोहल्ल्यात कुराण शिकवणाऱ्या आपांनी सीन आणि सादसाठी पट्टीने बोटं सोलून काढली होती माझी. आम्हा कोकणी मुसलमानांना अरबी वाचता येतं, अर्थ कळत नाही. लिहून आलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं हा साद आहे, काहीतरी घोळ आहे. पण निरोप आला आवाजात, आणि तोही रुवीच्या ट्रॅफिकमध्ये.

लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगते, हसूही दाबता येईना. कान बाहेर! मूंछ! पीछे से लंबा! एकेक शब्द खरा होता. आमचे हे कात्री हातात घेऊन पडद्यातून डोकावले. "काय गो, काय झाला?"

"तुम्ही खोकडाला दिशदाशा शिवलात," मी म्हटलं.

"मी? ऑर्डर कोणी घेतलान?"

पण मनीषा हसत नव्हती. तिने मला बाजूला घेतलं आणि वर सांगितलं ते सगळं सांगितलं. सांगताना आवाज अगदी खाली. "मावशी, ती शेपटीवर बोलणार होती हो. ह्यांनी मालकाकडे सुटी मागून ठेवलीय, आज येणार आहेत ऐकायला. आज नाही बोलली तर तिकिटं काढतील." वांग्याचा रंग चुकला तर वांगं वाळलं म्हणता येतं. इथे काय म्हणू?

दुपारी एक ते चार रुवी झोपते. शटर खाली, रस्ते रिकामे. त्या दिवशी आमचं शटर अर्धं खाली होतं आणि आत चार मोठी माणसं एका शेपटीच्या मागे लागली होती. फरचं कापड देणारं दुकान बंद, उघडेपर्यंत मुलं शाळेत पोचायला हवीत. मी वाघाची शेपूट काढून पाहिली. पट्ट्यांची. गार्गीने टेबलाखालूनच मान हलवली. माकडाची दाखवली, बारीक. नाही. नसरा मिस म्हणाल्या, "ब्राउन कुछ नहीं है, बाजी? कुछ भी?"

होतं. आमच्या ह्यांनी पुतणीच्या लग्नासाठी जाडजूड लोकरी ब्लँकेट घेऊन ठेवलं होतं, दुपदरी, तपकिरी, कडेला सोनेरी झाक. आखातवाला घरी गेला आणि कार्टनमधून ब्लँकेट निघालं नाही तर गावात लोक विचारतात, नोकरी गेली का? मी मान वळवून त्या पिशवीकडे पाहिलं. ह्यांनी मी पाहतेय ते पाहिलं.

"अजिबात नाय," हे म्हणाले.

"अहो..."

"पुतणीचा आहे तो. दुसरा काय ते काप."

तेव्हा टेबलाखालून एक हात बाहेर आला. छोटासा. तो सरळ त्या पिशवीकडे गेला, प्लॅस्टिकमधून बोट आत घातलं आणि ब्लँकेटवर हळूच फिरवलं. आमचे हे पुढे झाले. पिशवीची चेन स्वतःच उघडली आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. "सरळ काप," एवढंच म्हणाले, "उरलेल्याची पुढे पुतणीच्या बाळाची दुलई तरी होईल."

शेपूट शिवणं म्हणजे काय ते आता ऐका. नवखा माणूस कापूस भरतो. कापूस जड, पोरगं चार पावलं चालतं आणि शेपटीसकट चड्डी खाली. आत हलका स्पंज भरायचा, मुळाशी कमी, टोकाला जास्त. आणि शेपूट कधीही चड्डीला लावायची नाही, कमरेच्या रुंद पट्ट्याला लावायची, म्हणजे पोर वळलं की ती मागून अर्ध्या क्षणाने वळते. तो अर्धा क्षण म्हणजे सगळी मजा. टोकाला पांढरं हवं होतं. नसरा मिसनी मुकाट्याने आपल्या पर्समधून मेकअपचा पांढरा स्पंज काढून दिला.

मी शिवत होते तेव्हा त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि टेबलाखालच्या खोकडाला गोष्टी सांगायला लागल्या. आम्हीही ऐकल्या. सुमेरच्या लोकांना म्हणे खोकडाचा भारी नाद. एकदा तो समुद्रात मुतला आणि म्हणाला, हा अख्खा समुद्र माझाच. टेबलाखालून फिस्स असा आवाज आला. बाहेरच्या माणसांसमोर गार्गी हसल्याचा तो पहिला आवाज, मनीषा म्हणाली. मग त्यांनी नाटकाची गोष्ट सांगितली. एन्की म्हणजे पाण्याचा आणि अकलेचा देव. अक्कल सगळ्यांना वाटतो, स्वतःला उरत नाही. त्याने एका बाईने लावलेली झाडं खाऊन टाकली. बाई भडकली, शाप देऊन निघून गेली, आणि हा आजारी पडला. अंगाचा एकेक अवयव दुखायला लागला, केससुद्धा दुखायला लागले. सगळे मोठे देव धुळीत हात टेकून बसले. कोणाला काही सुचेना. तेव्हा खोकड पुढे आला आणि त्यांच्यातल्या मोठ्या देवाला म्हणाला, मी तिला आणली तर मला काय देशील?

"बाजी, जाने से पहले उसने क्या किया मालूम?" नसरा मिस म्हणाल्या. "बदन को तेल लगाया, बाल झटकाया, आंख में सुरमा डाला. तैयार होके गई."

माझी सुई तिथेच थांबली.

"म्हणजे नटून गेला?"

"हां, एकदम सजधज के."

"मग बिश्त घालूनच जाईल ना तो!" मी ओरडलेच. "रुसलेल्या बाईला आणायला कोणी घरच्या कपड्यांत जातं का? मिस, मी चुकले नाही! हा माझा चाचाच आहे, नुसती शेपूट राहिली होती!"

आमचे हे मात्र गंभीर झाले. म्हणाले, बिश्त ठीक आहे, तो साधा झगा करता येईल. पण गोंडा आणि फेटा इथल्या माणसाच्या मानाचा आहे. तो जनावराच्या अंगावर नको. नसरा मिसनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात छातीला लावला. स्वतः ओवलेला गोंडा ह्यांनी स्वतःच उसवला. गळा बदलला, जरीची कड काढून साधी सोनेरी फीत लावली. फेट्याच्या जागी मी ब्लँकेटच्या तुकड्याचे कान बसवले. सुपाएवढे. आता बाहेर दिसले नसते तरच नवल.

गार्गी आपणहून बाहेर आली. कमरेला पट्टा बांधला, वरून झगा. आरशापुढे उभी राहिली. तिने गिरकी घेतली. झगा फिरला, आणि अर्ध्या क्षणाने शेपूट. मग तिने एक गंमत केली. शेपूट झग्याखाली ओढून पूर्ण लपवली, दोन पावलं शहाण्या माणसासारखी चालली, आणि वळताना फक्त पांढरं टोक बाहेर काढलं. आत खोकड आहे हे पाहणाऱ्याला उशिरा कळावं म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नसरा मिसनी आपल्या पर्समधली सुरम्याची कांडी काढून तिच्या डोळ्यांत घातली. पण तोंडातून शब्द नाही. जाताना तिने माझ्याकडे पाहून शेपटीवर दोनदा थोपटलं. बस्स.

संध्याकाळी आम्ही दुकान बंद करून शाळेत गेलो. आमच्या संसारात धंद्याच्या वेळी शटर ओढायचा प्रसंग क्वचित येतो. मी टाके सुटले तर म्हणून सुईदोरा घेऊन स्टेजच्या कडेला, पडद्याआड. मनीषा माझ्याजवळ. संतोष बरकाहून थेट आला होता, कामाच्या निळ्या कपड्यांत, आणि लाजून मागे दाराशी उभा राहिला होता.

गार्गीचं एक वाक्य, अरबीत, 'माझा तुअतीनी?' म्हणजे 'मला काय देशील?' अरबीत 'माझा' म्हणजे 'काय'. मनीषाने घरी तिच्याकडून घटवून घेताना सांगितलं होतं, 'माझा' लक्षात ठेव, माझा टिफिन, माझा पेन, तसं. मी मनाशी म्हटलं, काय देशील आणि माझं काय, खोकडाला दोन्ही शोभतं.

एन्की कण्हत पडला. देव धुळीत बसले. वाऱ्याचा मोठा देव झालेला आठवीतला उंच मल्याळी मुलगा, कापसाची दाढी लावून, मधोमध उभा. आणि झगा सावरत खोकड आला. चालण्यात अशी काही ऐट की लोक हसायला लागले, नेमकं तेव्हा तिने वळून शेपटीचं टोक दाखवलं. हॉल खदखदला. मग ती देवापुढे उभी राहिली. आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. हसणं ओसरलं. कोणीतरी खोकलं. नसरा मिस शेजारी ओठ हलवत होत्या, माझा, माझा. मनीषाने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी काय केलं? सुईदोरा हातात धरून मनातल्या मनात दुवा मागितली, दुसरं काय करणार. गार्गीचा हात हळूच मागे गेला. झग्याखाली तिने शेपूट घट्ट पकडली.

"माझा तुअतीनी?"

स्वच्छ. खणखणीत. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल. मनीषाने तोंडात ओढणी कोंबली. मोठा देव खूश होऊन आपलं पाठ केलेलं बोलला, मी तुझ्यासाठी दोन झाडं लावीन आणि तुझं नाव सगळीकडे गाजेल. आता खोकडाने मान डोलवून निघायचं होतं. पण खोकड हलेना. त्याने मान तिरकी करून देवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि चक्क मराठीत विचारलं,

"एवढंच?"

अहो, हॉलमध्ये मराठी माणसं मूठभर. बाकी मल्याळी, तमिळ, गुजराती, ओमानी पाहुणे. पण कोणालाही अर्थ विचारावा लागला नाही. असा हशा उठला की पडदा हलला. कापसाच्या दाढीतल्या देवाची पाठांतराची गाडी अडली. त्याने विंगेत मिसकडे पाहिलं, मिस तर खुर्चीवर कोसळून हसत होत्या. शेवटी बिचाऱ्याने तीन बोटं वर केली. "खलास! तलाता! तीन!"

खोकडाने विचार केला. मिशीला हात लावला. "यल्ला," म्हणाला, म्हणजे अरबीत 'चला', आणि शेपूट झुलवत रुसलेल्या बाईला आणायला निघाला.

आणलं तिला, अर्थात. बाई आली, तिने एन्कीला जवळ घेऊन विचारलं, कुठे दुखतंय, आणि एकेक दुखणं बरं केलं. दुखत्या केसांपासून जो देव झाला त्याला तिने मगन देश दिला, आणि मगन म्हणजे हेच आपलं ओमान. तिथे ओमानी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मी ते नीट ऐकलंच नाही. शेजारी मनीषा हसत होती का रडत होती ते मला कळत नव्हतं आणि तिलाही. "मावशी, हेच! भातावर तूप वाढलं की रोज हेच म्हणते घरी!"

नाटक संपल्यावर पोरगी कपडे बदलायला तयार होईना. शेपटीसकट व्हरांड्यात मैत्रिणींमध्ये उभी राहून बडबडत होती, इंग्लिशमध्ये, न थांबता. मैत्रिणी हिच्या तोंडाकडेच बघत होत्या, आवाज ऐकलाच नव्हता ना कधी. संतोष दाराजवळून आला. निळ्या बाहीने डोळे पुसलेले दिसत होते. माझ्यापुढे उभा राहिला. मग लेकीकडे बघत म्हणाला, "मावशी, देवाने तीन झाडं कबूल केलीत तिला. ती लागलेली बघायला इथेच थांबावं लागणार आता आम्हाला."

मनीषाने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागली.